जुन्या फोर-बाय-फोरचे पुढचे हब: खोलण्यापासून शेवटच्या नटापर्यंत

नवं बेअरिंग, नवं सील, नवं ग्रीस, आणि तीन महिन्यांत चाक पुन्हा डुगडुगायला लागतं. जुन्या फोर-बाय-फोरच्या पुढच्या हबांबद्दल (चाक ज्याच्यावर बसून फिरतं तो मधला भाग) मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. बेअरिंग खराब निघालं असं धरून माणूस दुसऱ्या कंपनीचं आणतो आणि पुन्हा तीच गत होते. असे परत आलेले हब मी खोलून पाहतो, तेव्हा दोष बेअरिंगात क्वचितच सापडतो. कुठे बेअरिंगचं बाहेरचं कडं, म्हणजे कप, हबातल्या पायरीवर (खांद्यावर) पूर्ण टेकलेला नसतो, कुठे आत कचकच राहिलेली असते. आणि बहुतेक ठिकाणी शेवटचा नट आवळल्यावर प्ले (हबची आत-बाहेर होणारी सैल हालचाल) मोजलेलाच नसतो.

हा लेख एकसंध पुढच्या ॲक्सलच्या हबांसाठी आहे: हबात दोन टेपर रोलर बेअरिंगं, ती स्पिंडलवर (हब ज्याच्याभोवती फिरतो त्या स्थिर नळीवर) दोन मोठ्या नटांनी आणि मधल्या लॉक वॉशरने धरलेली, बाहेरच्या तोंडाला फ्री व्हील हब (चाक ॲक्सल शाफ्टला हवं तेव्हा जोडणारं आणि सोडवणारं कुलूप) किंवा ड्राइव्ह फ्लँज (ते कायम जोडून ठेवणारं). जुन्या जीप, सिरीज लँड रोव्हर, ४० आणि ६० सिरीजच्या लँड क्रूझर याच घराण्यातल्या. सीलबंद एकसंध बेअरिंगवाल्या नव्या गाड्यांना यातलं काही लागू नाही.

दोन शब्द आधी पक्के करू. हबात ठोकून बसवलेलं बाहेरचं कडं म्हणजे कप. रोलर आणि पिंजऱ्यासकट स्पिंडलवर बसणारं आतलं कडं म्हणजे कोन. कप आणि कोन ही जोडी असते. जुन्या कपात नवा कोन कधीही घालू नका, कपवर एकही डाग दिसत नसला तरी.

१. खोलण्याआधी: प्ले नक्की कुठे आहे?

चाक जमिनीवरून उचला. वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. हलतंय? आता दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर तो हबच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही तसाच राहिला, तर तो किंगपिनचा किंवा नकलच्या (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या सांध्याच्या) बेअरिंगचा आहे, आणि हब कितीही सुंदर बांधलात तरी चाक डुगडुगतच राहील. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी न केल्यामुळे अनेकांचे पूर्ण दिवस वाया गेलेले आहेत.

चाक हाताने फिरवून स्प्रिंगवर दुसरा हात ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

२. तयारी

सामान हाताशी नसेल तर सुरुवात करू नका. अर्धवट उघडा हब रात्रभर धुळीत राहणं हे बेअरिंगला पाण्याइतकंच वाईट.

सुटे भाग: दोन्ही बेअरिंगं कपसकट, हबचं सील, नवा लॉक वॉशर, स्पिंडलचं आणि फ्लँजचं गॅस्केट, सर्क्लिप (खाचेत बसणारी तुटक स्प्रिंग-रिंग). लॉक वॉशर जुनाच वापरायचा मोह होतो. एकदा वाकवलेली जीभ पुन्हा सरळ करून परत वाकवली की मुळाशी तडकते, आणि तो तुकडा पुढे बेअरिंगात जातो.

अवजारं: हबच्या नटाचा खोल बॉक्स पाना. लँड क्रूझरला ५४ मिमी, सिरीज लँड रोव्हरला ५२ मिमी लागतो. जीपमध्ये ॲक्सलप्रमाणे बदलतो, त्यामुळे नट मोजून मगच आणा. शिवाय टॉर्क रेंच, चुंबकी स्टँडसह डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप), पितळेचा जाड दांडा, सर्क्लिपची पक्कड, हातोडी, ॲक्सलखाली लावायच्या दोन घोड्या आणि तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं हबचं पान. टॉर्कचे आणि प्लेचे आकडे त्या पानावरूनच घ्या. खाली मी दिलेले आकडे अंदाज यावा म्हणून आहेत.

नटाला छिन्नी लावायची नाही. अनेक जुन्या हबांच्या नटांवर छिन्नीचे घाव असतात. अशा नटाचं तोंड सपाट राहत नाही, तो वॉशरवर वाकडा टेकतो आणि तुम्ही केलेली सेटिंग टिकत नाही. घाव दिसले तर नट बदला.

> एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली, तर कुठला वॉशर कुठे होता हे तिथे बघता येतं.

३. खोलणं

गाडी सपाट, टणक जागी. मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके. जॅकने उचलून ॲक्सल घोड्यांवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम करू नका, कारण हब ओढताना गाडीला धक्के बसतात.

डिस्क असेल तर कॅलिपर काढून तारेने चेसिसला टांगा, होजवर लोंबकळत सोडू नका. ड्रम असेल तर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसून घ्या आणि ते कापड पिशवीत बांधून टाका.

फ्री व्हील हब "फ्री"वर ठेवून वरचं झाकण काढा. आतली सर्क्लिप, मग हबची बॉडी. काही गाड्यांत स्टडवर छोटे शंकूच्या आकाराचे वॉशर घट्ट रुतलेले असतात. ते पक्कडीने उपटू नका. नट स्टडच्या टोकापर्यंत सैल करा आणि पितळी दांड्याने फ्लँजवर, स्टडच्या शेजारी, झटका द्या. दोन-तीन ठोक्यांत ते स्वतःच बाहेर उडी मारतात.

आता लॉक वॉशरची जीभ सरळ करून बाहेरचा नट, वॉशर, आतला नट, जीभवाला थ्रस्ट वॉशर असं क्रमाने काढा आणि काढलं त्याच क्रमाने, त्याच बाजूने वर करून ताटात मांडा. आतला नट कोणत्या तोंडाने होता ते बघाच. काही ॲक्सलमध्ये त्यावर एक छोटी खुंटी असते. ती बाहेरच्या बाजूला, लॉक वॉशरच्या भोकात बसते. नट उलटा लागला तर लॉक होतच नाही.

हब ओढताना तळहात तोंडाशी धरा. बाहेरचा कोन आधी सुटतो आणि सरळ जमिनीवर जातो.

सील उपटण्याआधी ते हबच्या कडेपासून किती आत आहे ते मोजून लिहून ठेवा.

४. जुनं ग्रीस वाचणं

धुण्याआधी थांबा. बिघाडाचं कारण त्या ग्रीसमध्येच लिहिलेलं असतं आणि रॉकेलने ते पुसलं जातं.

दुधाळ, राखाडी ग्रीस म्हणजे पाणी शिरलं. हे बहुधा असं होतं: लांबच्या प्रवासाने तापलेला हब थेट ओढ्यात उतरतो, आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडी थांबवायची.

पातळ, काळपट आणि गिअर ऑइलचा उग्र वास येणारं ग्रीस सांगतं की डिफरन्शियलमधलं तेल ॲक्सलच्या आतल्या सीलमधून इथपर्यंत आलंय. अशा वेळी हबचं नवं सील उपयोगाचं नाही. आतलं सील बदलावं लागेल, आणि त्याआधी ॲक्सलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) मोकळा आहे का ते बघावं लागेल. ब्रीदर चिखलाने बंद असला की गरम ॲक्सलमधला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. नवं सीलही मग असंच गळतं.

चमचमणारं ग्रीस बोटांत चोळून पाहा. धातूची कणी लागली, तर बेअरिंग स्वतःला खात होतं.

५. धुणं आणि तपासणी

रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पेट्रोल नको. एकदा ढोबळ धुणं, मग स्वच्छ भांड्यात ताज्या रॉकेलने दुसरं. हबच्या आतल्या पोकळीत, कपच्या मागच्या खाचांत जुनं ग्रीस घट्ट बसलेलं असतं. तिथे ब्रशच लागतो.

> सावधान: बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवू नका. तेल नसलेलं बेअरिंग त्या वेगाला पिंजरा फुटून रोलर गोळीसारखे फेकू शकतं. कोन हातात घट्ट धरून, फिरू न देता हवा मारा.

बेअरिंगं बदलायचीच असली तरी जुनी नीट बघा. कपवर रोलरांच्या अंतराने पडलेले आडवे तपकिरी पट्टे म्हणजे पाणी असताना गाडी बराच काळ उभी होती. निळसर-जांभळी झाक म्हणजे उष्णता. नट जास्त आवळलेला होता किंवा ग्रीस संपलं होतं. कपच्या एकाच बाजूला जास्त झीज दिसली, तर कप तिरका बसला होता किंवा स्पिंडल वाकलाय. शंका वाटली की डोळे मिटून नखाची कड कपवरून हळू फिरवा. डोळ्यांना नुसता डाग दिसतो, पण खड्डा असेल तर नख अडखळतं.

आता स्पिंडल. बेअरिंग बदलणाऱ्यांपैकी फार थोडे लोक याच्याकडे बघतात.

कोन जिथे बसतात त्या दोन्ही जागा गुळगुळीत हव्यात. नवा कोन हाताने सरकत आत जावा, पण जाताना डगमगता कामा नये. डगमगला तर स्पिंडल झिजलाय, तो बदला. सीलचा ओठ घासतो त्या पट्ट्यावर नखाला चर लागला, तर नवं सील पहिल्या पावसापर्यंतच टिकेल. तिथे पातळ स्टीलची दुरुस्ती-बाही बसवता येते. आटे पाहा आणि जिभेची खाच पाहा. खाचेच्या कडा फुगलेल्या असतील तर कानसीने हलकेच साफ करा. स्पिंडलच्या आत ॲक्सल शाफ्टसाठी बुश किंवा सुई-बेअरिंग असतं, ते बाहेरून दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोरडं राहतं. स्पिंडल काढलाच आहे तर त्यालाही ग्रीस द्या, झिजलं असेल तर बदला.

कप हबात हाताने फिरत असेल, तर हब गेला. आतल्या भिंतीवर पंचाने ठिपके मारून कप घट्ट करण्याची जुनी युक्ती मी पाहिलेली आहे. ते ठिपके काही दिवसांत चपटे होतात आणि कप पुन्हा फिरायला लागतो. यावर दुसरा हब शोधणं हाच इलाज.

६. कप काढणं आणि बसवणं

हबात कपच्या मागे दोन-तीन खाचा दिलेल्या असतात. पितळी दांडा तिथे टेकवून आळीपाळीने समोरासमोर ठोका. एकाच बाजूला ठोकलं तर कप तिरका होऊन हबची भिंत ओरबाडतो.

जागा पुसा. खांद्यावर धातूची बारीक कड उठलेली असेल तर काढा. नवे कप प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि बसवायच्या वेळी हब गरम हवेच्या झोताने तापवा. गॅसची ज्योत लावू नका. थंड कप आणि गरम हब असले की निम्मं काम आपोआप होतं, पण हात चटकन चालवावे लागतात.

दिशा: दोन्ही कपांचं रुंद तोंड हबच्या बाहेर, अरुंद तोंड हबच्या मध्याकडे.

कप ठोकायला जुना कपच वापरा. त्याचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर थोडा कमी करून घ्या, नाहीतर तोच हबात अडकून बसेल. स्टीलचा पंच थेट नव्या कपवर मारू नका. कडेचा एक टवका उडाला की तो कप फेकायचाच.

कप खाली जात असताना ठोक्याचा आवाज ऐका. कप सरकतोय तोवर तो बोदा, दबका येतो. खांद्यावर टेकला की एकदम टणक, भरीव वाजतो आणि हातोडी हाताला उसळी देते.

> तपासा: आवाजावर थांबू नका. मागच्या खाचेतून कप आणि खांदा यांच्या मधे ०.०५ मिमीची फीलर पट्टी घालून पाहा. कुठल्याही बाजूने जाता कामा नये. जात असेल तर कप टेकलेला नाही. थोडे दिवस गाडी चालली की तो आत सरकेल आणि चाक डुगडुगेल. तीन महिन्यांत परत आलेल्या हबांत हे पुष्कळदा दिसतं.

७. ग्रीस आणि सील

हबच्या बेअरिंगसाठी एनएलजीआय २ प्रतीचं (ही ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी), जास्त तापमानाला चालणारं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस बहुतेक ठिकाणी योग्य. वेगवेगळ्या जातीची ग्रीसं मिसळली की काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात. म्हणूनच जुनं पूर्ण धुऊन काढायचं.

तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. कोनची रुंद कड त्या गोळ्यावर दाबत राहा, अरुंद बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीसच्या अळ्या बाहेर येईपर्यंत. थोडं फिरवा, पुन्हा दाबा, पूर्ण घेरभर. बाहेरून थापलेलं ग्रीस आत जात नाही. हबच्या पोकळीत कपच्या आतल्या कडेच्या पातळीपर्यंत ग्रीसचं कडं करा. पोकळी गच्च भरली तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि सील ढकलून बाहेर पडतं.

क्रम लक्षात ठेवा: आधी आतला कोन, मग सील. सील ठोकून झाल्यावर टेबलावर राहिलेला कोन दिसला, तर ते सील उपटून फेकावंच लागतं. सीलची स्प्रिंगवाली बाजू ग्रीसकडे, म्हणजे बेअरिंगकडे. लाकडाचा सपाट तुकडा आडवा ठेवून, लिहून ठेवलेल्या खोलीपर्यंत सरळ बसवा. ओठावर ग्रीसचा हात फिरवा. कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो.

८. हब चढवणं

स्पिंडलवर ग्रीसचा पातळ थर द्या. हब दोन्ही हातांनी सरळ धरून सरकवा. त्याचं वजन सीलवर येऊ देऊ नका, आटे ओठाला कापतात. बाहेरचा कोन, थ्रस्ट वॉशर (जीभ खाचेत), आतला नट हातानेच. नट हाताने सहज फिरत नसेल तर पाना लावू नका, आटे पुन्हा साफ करा.

९. नट: इथे घाई नको

पहिली पायरी, बसवणी. हब सतत फिरवत आतला नट साधारण ६० ते ७० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. दोन्ही दिशांना मिळून दहा-पंधरा फेऱ्या द्या. याने रोलर कोनच्या रुंद बाजूच्या कडेला जाऊन बसतात आणि मधलं जास्तीचं ग्रीस बाहेर सरकतं. हब न फिरवता आवळलं तर टॉर्क रेंच आकडा दाखवतो, पण रोलर अजून तिरकेच असतात.

दुसरी पायरी, पूर्ण सैल. नट हाताने फिरेल इतका मोकळा करा, हब मात्र हलू देऊ नका.

तिसरी पायरी, सेटिंग. आता मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हलक्या टॉर्कने पुन्हा आवळा किंवा सांगितलेल्या अंशांनी मागे घ्या.

चौथी पायरी, लॉक वॉशर आणि बाहेरचा नट. बाहेरचा नट मॅन्युअलच्या पूर्ण टॉर्कने आवळा.

आणि आता, आत्ताच, प्ले मोजायचा. आतला नट आट्यांत किंचित सैल बसलेला असतो. बाहेरचा नट आवळला की तो वॉशरसकट आतल्या नटाला बेअरिंगकडे ढकलतो आणि तुम्ही ठेवलेला प्ले कमी होतो, कधी पूर्ण संपतो. त्यामुळे लॉकनटाच्या आधी घेतलेलं माप धरायचं नसतं. माझ्या पहिल्या गाडीचा डावा हब मी असाच बांधला होता. आतला नट सुरेख सेट केला, मोजला, समाधानाने लॉकनट आवळला आणि झाकण लावलं. पहिल्याच घाटात सील वितळून ग्रीस रिमवर आलं, कोन स्पिंडलला चिकटला आणि तो स्पिंडल कापून काढावा लागला. सगळे भाग नवे होते. पुन्हा एकदा डायल गेज लावायला पाच मिनिटं लागली असती.

मोजायचं कसं: डायल गेजचा पाया हबच्या तोंडावर, टोक स्पिंडलच्या टोकावर. हब दोन्ही बाजूंनी धरून सरळ आत दाबा, किंचित फिरवा, शून्य करा. मग सरळ बाहेर ओढा, किंचित फिरवा, वाचा. वर-खाली डोलवू नका, आकडा खोटा येतो. ज्या हबांना प्ले ठेवायचा असतो त्यांत तो साधारण ०.०३ ते ०.१३ मिमीच्या दरम्यान असतो. लँड क्रूझरसारख्या काही गाड्यांत प्ले शून्य आणि ठरावीक प्रीलोड (बेअरिंगवर आधीपासून ठेवलेला दाब) मागितलेला असतो. तिथे चाकाच्या स्टडला स्प्रिंगकाटा अडकवून हब फिरायला लागतो तेव्हाचं वजन वाचतात. हे मोजताना ब्रेक कुठेही घासत नसावा.

आकडा चुकला तर दुरुस्ती हिशोबाने करा. आट्यांचा पीच १.५ मिमी असेल, तर आतला नट १० अंश फिरवला की प्ले सुमारे ०.०४ मिमीने बदलतो. म्हणजे घड्याळाच्या दोन मिनिटांपेक्षाही कमी फिरवण्याचा हा खेळ आहे. बाहेरचा नट सोडा, आतला चिमूटभर हलवा, पुन्हा आवळा, पुन्हा मोजा. तीन-चार वेळा करावं लागलं तर करा. मलाही लागतं.

माप जुळलं की वॉशरची एक जीभ आतल्या नटावर आणि समोरची बाहेरच्या नटावर पूर्ण सपाट दाबा.

१०. झाकण, चाक आणि चाचणी

फ्री व्हील हबच्या आत ग्रीसचा फक्त पातळ हात. गच्च भरलं तर थंडीत ते घट्ट होऊन हब लॉकच होत नाही. शंकू-वॉशर स्वच्छ आणि कोरडे बसवा, सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते पक्कडीने फिरवून बघा. चाक लावण्याआधी "फ्री" आणि "लॉक" दोन्ही करून पाहा: फ्रीमध्ये हब फिरताना ॲक्सल शाफ्ट स्थिर, लॉकमध्ये सोबत फिरायला हवा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा दाबून घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

पहिली फेरी दहा-बारा किलोमीटरची, शक्यतो सपाट आणि कमी ब्रेक लागेल अशा रस्त्याने, म्हणजे ब्रेकची उष्णता हबच्या नावावर जाणार नाही. थांबल्यावर आधी हाताची पाठ जवळ नेऊन धग बघा, मग हबच्या मध्यावर टेकवा. कोमट हवा. हात ठेववत नसेल, किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागत असेल, तर तशीच पुढे चालवू नका. नवव्या टप्प्यावर परत जा.

साधारण १५० किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून ब्रेकवाली तपासणी करा. थोडा प्ले वाढलेला सापडला तर झाकण उघडून नट पुन्हा सेट करा. नव्या कपांची शेवटची बसवणी एवढ्या अंतरात होते. त्यानंतरही प्ले वाढतच राहिला तर नट आवळत बसू नका. हब उतरवा आणि कपच्या मागे फीलर पट्टी घालून बघा.